मदत हवी आहे: नगरचं रणगाडा संग्रहालय, मोठ्या मुलांसोबत
ठाण्याहून १३ आणि १६ वर्षांच्या मुलांना घेऊन अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय बघायचंय. गाडी घरची, माळशेजमार्गे पहाटे निघून रात्री परत. मुक्काम जमणार नाही. धाकटा १९६५च्या भारत-पाक युद्धातल्या, पंजाबातल्या असल उत्तर गावाजवळच्या लढाईवर वर्गात बोलणार आहे. वहीत त्या लढाईतला पाकिस्तानी पॅटन रणगाडा काढून त्याने खाली लिहिलंय, 'हा खरा बघायचा'. थोरलीला मात्र रणगाड्याच्या आत बसलेल्या जवानांबद्दल ऐकायचंय, आणि मलाही तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. नेटवर वेळा शोधल्या, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या. शाळेमुळे आम्हाला फक्त रविवार मोकळा आहे. गेल्या दोन-तीन महिन्यांत कुणी जाऊन आलंय का? रविवारी उघडं असतं का, आणि मुलांना लढाई नीट समजावून सांगणारं कुणी तिथे भेटतं का?