फुल स्टॅकचा रेझ्युमे कुठेच पुढे सरकत नाहीये, मदत हवी आहे (अर्जंट)

कंसातली_चूक
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. फुल स्टॅक डेव्हलपर (वेबसाइटचं समोरचं पान आणि मागचा सर्व्हर-डेटाबेस, म्हणजे बॅकएंड, दोन्ही करणारा) म्हणून अर्ज करतोय, स्किल्समध्ये सगळं लिहिलंय, तरी एकतर उत्तरच येत नाही नाहीतर पहिल्या राउंडनंतर "कळवतो" म्हणतात आणि गायब. परवा अजून एक इंटरव्ह्यू आहे. रेझ्युमेत काय बदलू? प्लीज उगाच ज्ञान नको, नेमकं सांगा.

जुना_सर्व्हर
सगळं म्हणजे काय? अनुभव किती, बॅकएंड कशात, काहीच दिलं नाहीये. डॉक्टरला फोन करून नुसतं "दुखतंय" सांगितल्यासारखं झालं हे.

कंसातली_चूक
६ वर्षं. अँग्युलर, रिअ‍ॅक्ट, नोड, जावा, स्प्रिंग बूट, मायएसक्यूएल आणि मोंगो हे डेटाबेस, डॉकर, कुबरनेटिस, क्लाउड वगैरे. २३ स्किल्स आहेत एकूण.

अर्धविराम
२३ बघूनच समोरचा हसत असेल. मी इंटरव्ह्यू घेते, माझा नियम सोपा आहे, यादीतला जो शब्द सगळ्यात अंग चोरून बसलेला दिसतो त्याच्यावरच पहिला प्रश्न. कुबरनेटिसवर काय केलंय?

कंसातली_चूक
पॉड, म्हणजे त्यावर चालणारं अॅप, रिस्टार्ट करायचो. बाकी सर्व्हर सांभाळणारे डेव्हऑप्सवाले बघायचे.

अर्धविराम
काढा ते.

उंटावरून_शेळ्या
मुळात फुल स्टॅक असा काही प्रकारच नसतो. एक ना धड भाराभर चिंध्या. एकच काहीतरी धरा आणि त्यात खोल जा.

जुना_सर्व्हर
नसतो कसा? जेक्वेरी नवीन होती, २००६-०७ची गोष्ट, तेव्हा पान आम्हीच बनवायचो, क्वेरी आम्हीच लिहायचो, एफटीपीने फाइल सर्व्हरवर आम्हीच चढवायचो आणि साइट पडली की शिव्याही आम्हीच खायचो. फक्त तेव्हा नाव भारी नव्हतं, वेबवाला म्हणायचे.

उंटावरून_शेळ्या
तेव्हाचं पान आणि आत्ताचं पान यात फरक आहे काका. आता नुसत्या बिल्ड टूल्समध्ये आयुष्य जातं.

नवाकोरा
मधेच विचारतोय सॉरी, मी बीएससी केलंय, सहा महिन्यांचा फुल स्टॅक कोर्स करू का? की डेटा सायन्स?

अर्धविराम
वेगळा धागा काढा हो. @कंसातली_चूक, राउंडमध्ये नक्की काय विचारलं होतं ते सांगा.

कंसातली_चूक
एक आठवतंय. ऑर्डर्सच्या यादीचं पान उघडायला ९ सेकंद लागतात, काय कराल? मी म्हटलं कॅशिंग लावीन, म्हणजे एकदा आणलेला डेटा साठवून तोच परत दाखवायचा. त्यावर ते नुसतं "ओके" म्हणाले.

अर्धविराम
तिथेच गेला इंटरव्ह्यू. ९ सेकंद कुठे जातायत हे न बघता कॅश लावली तर दुखणं झाकलं जातं, आणि वर जुना डेटा दिसतोय म्हणून नवीन तक्रारी येतात त्या वेगळ्याच. आधी ब्राउझरचा नेटवर्क टॅब. सर्व्हरचं उत्तरच उशिरा येतंय, की येतंय लवकर पण पाच एमबीचा जेसन डेटा आहे, की डेटा आला आणि ब्राउझर दोन हजार ओळी रंगवत बसलाय? सर्व्हरचा दोष निघाला तर एसक्यूएलचा लॉग चालू करायचा. यादीत ५० ऑर्डर्स, आणि ओआरएम, म्हणजे कोडमधून आपोआप क्वेऱ्या बनवणारी लायब्ररी, प्रत्येक ऑर्डरचा ग्राहक वेगळा आणतंय, म्हणजे १ ऐवजी ५१ क्वेऱ्या, हे तर जावावाल्यांकडे पावलोपावली दिसतं. मग जॉइन करून एकदम आणायचं. क्वेरी एकच असून हळू असेल तर एक्सप्लेन चालवायचं (डेटाबेस ती क्वेरी कशी चालवतो ते दाखवतं), इंडेक्स, म्हणजे शोध जलद करणारी सूची, लागतोय की अख्खं टेबल चाळतंय बघायचं. पेजिनेशन, म्हणजे यादी थोडी थोडी आणणं, आहे का तेही. हा माग ब्राउझरपासून टेबलापर्यंत एकट्याने काढता आला की झाला फुल स्टॅक. नावं २३ असोत नाहीतर ६.

जुना_सर्व्हर
+१. फक्त कॉलम दिसला की लाव इंडेक्स असं करू नका, प्रत्येक इंडेक्स डेटा लिहिताना वेळ खातो.

रोज_एक_कोडं
हे सगळं ठीक पण खरं तर डीएसए (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम्स) करा. रोज दोन प्रॉब्लेम, तीन महिने.

कंसातली_चूक
अहो इंटरव्ह्यू परवा आहे!!

जुना_सर्व्हर
अँग्युलर कुठलं?

कंसातली_चूक
अँग्युलरजेएस, १.६. चार वर्षं तेच होतं. स्प्रिंग बूट शेवटची दोन.

जुना_सर्व्हर
मग तसं लिहा ना. २०१६चं अँग्युलर २ मुळापासून नव्याने लिहिलेलं आहे, नुसतं अँग्युलर लिहिलंत तर समोरचा नवीनच धरणार आणि तुम्ही अडकणार. शिवाय त्या जुन्याचा सपोर्ट २०२१ संपताना बंद झाला. तुमचं प्रॉडक्ट त्यावरच राहिलं का मग?

कंसातली_चूक
नाही, रिअ‍ॅक्टवर नेलं. मी आणि अजून एक जण. एकेक स्क्रीन काढत, जुनं नवीन शेजारी शेजारी चालू ठेवून, कारण साइट बंद ठेवायची परवानगी नव्हती. लॉगिनचं सेशन दोन्हीकडे टिकवताना फार डोकं खाल्लं त्याने, शेवटी तो भाग बॅकएंडलाच हलवला. ४० स्क्रीन होत्या.

अर्धविराम
हे रेझ्युमेत कुठे आहे?

कंसातली_चूक
नाहीये. ते मेंटेनन्स प्रोजेक्ट होतं ना.

जुना_सर्व्हर
कपाळ माझं.

उंटावरून_शेळ्या
हे मात्र पहिल्या ओळीत टाका राव. माझं वरचं मत कायम आहे, पण हे टाका.

कंसातली_चूक
ही ओळ चालेल का: "चालू साइट बंद न करता ४० स्क्रीन अँग्युलरजेएसवरून रिअ‍ॅक्टवर नेल्या, लॉगिन सेशन स्प्रिंग बूटकडे हलवलं, दोघांची टीम." स्किल्स ९ वर आणलीत.

अर्धविराम
चालेल. त्यातलं तुम्ही स्वतः काय केलं ते विचारणारच, तयार ठेवा. मोंगो काढलं का?

कंसातली_चूक
मोंगो राहू द्या ना, ट्युटोरियल पूर्ण केलंय.

अर्धविराम
काढा.