देशी की संकरित? लिटर राहू द्या, दोन वेतांतलं अंतर सांगा

गोठेवाला चिकोडी:
आमच्या भागात सध्या एकच सूर आहे: एचएफ (होलस्टीनची संकरित गाय) विका, देशी खिल्लार आणा, ती कधी उलटत नाही, म्हणजे एकदा भरवली की गाभण राहतेच. पारावर ऐकायला बरं वाटतं. पण हिशेब घाला की जरा. वर्षाला एक वासरू हवं असेल तर गाभणकाळाचे 280 दिवस वजा जाता व्याल्यानंतर हातात 85 दिवस राहतात. तेवढ्यात गाय माजावर येऊन फळली पाहिजे. एक माज हुकला की 21 दिवस गेले, वैरण मात्र चालूच. नीट सांभाळलेली संकरित कालवड अडीच-तीन वर्षांत पहिल्यांदा विते आणि पुढचं वेत तेरा-चौदा महिन्यांत येतं. खिल्लार पहिल्यांदा विते तोवर चार वर्षं होत आलेली असतात, म्हणजे तिकडं संकरित गाईचं दुसरं वेत सुरू! उलटत नाही हे मान्य, पण माजावरच उशिरा येते त्याचं काय?

खिल्लारी अथणी:
तेरा-चौदा महिने कुणाच्या गोठ्यात हो? आमच्याकडं एप्रिल-मेच्या उन्हात एचएफ तोंड उघडून धापा टाकते, वैरणीला तोंड लावत नाही. माज आलाच तर मुका, बाहेरून कळतच नाही. डॉक्टर भरवून जातो, तीन आठवड्यांनी परत त्यालाच फोन. आणि निम्मी वासरं गोऱ्हीच होणार, ती का मोजत नाही? खिल्लारचा खोंड चिंचलीच्या मायाक्का जत्रेत उभा केला की गिऱ्हाईक चालून येतं. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारे कायदे कायम ठेवल्यावर तर विचारूच नका. एचएफच्या गोऱ्ह्याला कोण विचारतंय? कर्नाटकात 2020 चा गोहत्याबंदीचा कायदा आल्यापासून तो कसायाला विकताही येत नाही. मग रात्री रस्त्यावर सोडतात. हे आपण सगळे बघतोय, बोलत कुणी नाही.

डेअरीवाला निपाणी:
खोंड वर्षा-दोन वर्षांनी विकणार. सोसायटीचं बिल ठरल्या तारखेला लागतं, त्यावर पोरांची फी भागते. संघाला दूध घातलं की सरकारचे लिटरमागं पाच रुपये वेगळे. खिल्लार वासराला पाजून उरेल तेवढं देणार, त्यात कुणाचं घर चालतं?

जनावरांचा डॉक्टर:
दोघंही जातीला दोष देताय. गोठ्यात मला काय दिसतं ते सांगतो.

संकरित गाय उलटते त्यामागं बऱ्याचदा आपणच असतो. गावठी गाईला होलस्टीन भरवलं, कालवड 50 टक्क्यांची झाली. तिला परत होलस्टीन: 75. तिच्या पोटची 87.5. आपल्या हवेत 50 ते 62.5 टक्क्यांच्या पुढं जाऊ नये म्हणतात, पण कुठल्या गाईला कुठली कांडी (वळूची रेतमात्रा) लागली याची नोंद कुणाकडं असते? विचारलं की उत्तर ठरलेलं, "जास्त दुधाची घाला, डॉक्टर." ही गाय व्याली की दूध भरपूर देते, खाणं तेवढं पुरत नाही, अंगावरचं मांस उतरतं आणि माज लांबतो. उन्हाळा त्यात भर घालतो. फक्त उसाचं वाढं आणि मूठभर पेंड, खनिज मिश्रणाचं पाकीट आढ्याला टांगलेलं, मग गाय फळणार कशी?

खिल्लारचं कौतुक करताना हेही बघा की तिचा माज थोड्या तासांचा असतो. वासरू दिवसभर पीत असेल तर व्याल्यावर माजावर यायलाच आणखी उशीर होतो. कळपात वळू असतो तेव्हा माज ओळखायचं काम तोच करतो, म्हणून ती "उलटत नाही". तीच गाय दावणीला बांधून कृत्रिम रेतन करा, मग बोला. पहाटे काचेसारखा सोट (माजाचा चिकट स्राव) दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. फोन मात्र येतो दुपारी, माज ओसरल्यावर.

खिल्लारी अथणी:
वळूचं पटलं. पण मग गावात वळू ठेवा म्हणा ना! कांडीचाच आग्रह कशाला?

जनावरांचा डॉक्टर:
तपासलेला असेल तर जरूर ठेवा. एकच वळू गावभर फिरला आणि त्याला ब्रुसेला (गाभ पाडणारा संसर्गजन्य रोग) असेल तर गावातल्या गाई गाभडतील. शिवाय त्याच्याच कालवडी त्यालाच दाखवल्या जातात, ते कोण थांबवणार?

गोठेवाला चिकोडी:
गोऱ्ह्यांवर उपाय आहे की. लिंगनिर्धारित रेतमात्रा वापरा, शंभरात नव्वद कालवडी. मी पुढच्या वेताला तेच करणार.

डेअरीवाला निपाणी:
साध्या कांडीपेक्षा फळण्याचं प्रमाण थोडं कमी राहतं तिचं. पैसे जास्त आणि उलटली तर 21 दिवसही गेले. ज्या गाईला मुळातच अडचण आहे तिला ही घालू नका.

जनावरांचा डॉक्टर:
बरोबर. पहिल्या-दुसऱ्या वेताची, अंगानं भरलेली गाय निवडा. आणि मेमध्ये नको, पाऊस पडून गारवा येऊ द्या.