रात्री दहानंतरचा आवाज (बी विंग)

बी-३०४ : नमस्कार. काल रात्री पुन्हा पावणेबारापर्यंत ४०४ मधलं होम थिएटर चालू होतं. मांडणीवरची पेलेभांडी किणकिणत होती आणि सात महिन्यांची मुलगी सारखी दचकून उठत होती. दोनदा वर जाऊन हात जोडून सांगून आले. परवा उत्तर मिळालं, "तुम्ही भाड्याने राहता ना? मालकांना बोलू द्या." म्हणून इथे सोसायटीच्या ग्रुपवर लिहिते आहे.

सी-१०२ : ताई, तक्रार मेंबरनेच करायची असते ना?

ए-६०१ : नाही हो. एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, मत द्यायला मेंबर लागतो. झोपमोडीची तक्रार करायला शेअर सर्टिफिकेट कशाला? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. राहत्या भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. घरातली म्युझिक सिस्टीम असेल तर आपल्या हद्दीवर आवाज त्याहून ५ डेसिबलपेक्षा जास्त चढता कामा नये. आणि तक्रार 'व्यक्ती' करू शकते असं लिहिलंय, मालक असा शब्द तिथे नाही.

ए-६०१ : मात्र लहान पोरांचं धावणं, खुर्ची सरकणं याला कुणी हा नियम लावू नका. त्याला खुर्चीच्या पायांना रबरी बूच लावणं हाच उपाय.

बी-५०१ : काका, आम्हीही भाडेकरू. खरं सांगू? पोलिसांना फोन करायची भीती वाटते. उद्या मालक म्हणाले करार वाढवत नाही, तर डिपॉझिट घेऊन कुठे फिरायचं?

ए-६०१ : भीती समजते. म्हणून आधी सेक्रेटरींना लेखी अर्ज, तारीख-वेळ घालून, पोच घेऊन. तरी थांबलं नाही तर ११२. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाउडस्पीकरच्या प्रकरणात पोलिसांना सांगितलंय की तक्रारदाराची ओळख विचारू नका, उघड करू नका.

बी-३०४ चे मालक : मी ठाण्याला असतो, आत्ताच वाचलं. ताई, माझ्याकडून करार वाढवायला काही अडचण नाही, निर्धास्त तक्रार करा. सेक्रेटरीसाहेब, घर भाड्याने दिलंय म्हणून दर बिलात सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्के नॉन-ऑक्युपन्सी आकार मी भरतो. त्या घरात राहणाऱ्या माणसाचं ऐकून घ्यायला माझी चिठ्ठी लागू नये.

सेक्रेटरी : बरोबर आहे. ३०४ चा अर्ज आजच्या तारखेने घेतला. पुढच्या नोटिशीत 'सभासद व रहिवासी' असं लिहू.

बी-४०४ : परवा मी तसं बोलायला नको होतं, माफ करा ताई. खाली एवढं जात असेल असं वाटलं नव्हतं. सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, थेट फरशीवर आहे, कोपऱ्यात.

ए-६०१ : तिथेच घोळ आहे. स्लॅबमधून हादरा सरळ खाली उतरतो. जाड रबरी मॅटवर घ्या, भिंतीपासून सरकवा. आणि दहाला सबवूफर पूर्ण बंद.

बी-४०४ : आज मॅट आणतो. दहाला बंद, नक्की.

सेक्रेटरी : मी आणि काका साडेनऊला येतो. ४०४ ने नेहमीच्या आवाजात लावायचं, आम्ही ३०४ मध्ये उभं राहून ऐकू.

बी-३०४ : नऊला याल का? साडेनऊला ती झोपते.

सेक्रेटरी : नऊला येतो.