शब्दचर्चा: मिटवणे, राजीनामा, निस्तरणे. ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’ला मराठीत काय म्हणावं?

राजेंद्रनगर, इंदूर

आमच्या भागासाठी एक मराठी पत्रक लिहितो आहे, त्यात अडलोय. विधी सेवा प्राधिकरणाकडून शिकून आलेले काही स्वयंसेवक कॉलनीच्या हॉलमध्ये बसतात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे वाद ऐकून घेतात. पार्किंग, पाण्याची मोटर, गच्चीची किल्ली, वरच्या मजल्यावरून गळणारं पाणी, असलंच सगळं. हिंदी पत्रक तयार आहे. त्यावर ठळक अक्षरांत दोन शब्द आहेत: ‘सामुदायिक मध्यस्थता’ आणि ‘पुनर्स्थापनात्मक न्याय’. पहिला कळतो. दुसरा म्हणजे रिस्टोरेटिव्ह जस्टिस: ज्याने नुकसान केलं त्याने ते ज्याचं झालं त्याला भरून द्यायचं. तो आमच्या आळीतल्या आजी-आजोबांना वाचून दाखवला, तर त्यांना देवळातल्या मूर्तीची पुनर्स्थापना आठवेल.

दोन्हीला मिळून ‘मध्यस्थी’ लिहून मोकळं व्हावं, असं काहींचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. का, ते एका प्रसंगावरून सांगतो.

रंगपंचमीला गल्लीतल्या अकरावी-बारावीच्या मुलांनी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या गाडीवर पक्क्या रंगाच्या बादल्या उपड्या केल्या. गाडीवर कपड्यांच्या घड्या रचलेल्या होत्या, त्यात एक पैठणी. मुलांच्या वडिलांनी लगेच पाकीट काढलं. “किती झाले बोला, मिटवून टाकू.” इस्त्रीवाल्याला पैसे नको होते असं नाही, पण त्याची अडचण निराळी होती. तो म्हणाला, “कपड़े मेरे थोड़ी हैं, ग्राहकों के हैं. वो पूछेंगे तो मैं क्या बोलूँ?” त्याचं गिऱ्हाईक विश्वासावर टिकलेलं, आणि तो विश्वास पाकिटातून निघणार नव्हता.

शेवटी ठरलं ते असं: मुलांनी त्याच्याबरोबर घरोघर जायचं, प्रत्येक दारात स्वतःच्या तोंडाने सांगायचं की हे आमच्यामुळे झालं, आणि धुलाईच्या खर्चातला काही भाग वडिलांकडून न घेता आपल्या खिशातून फेडायचा. पैठणीच्या घरी मी सोबत होतो. सगळ्यात थोरल्या मुलाच्या हातात ती घडी होती, काठावर हिरवा डाग पसरलेला. दार उघडल्यावर त्याला शब्द फुटेना. इस्त्रीवाला मुद्दाम गप्प राहिला, त्याच्या वतीने बोलला नाही. मुलगा बोलेपर्यंत काकू दारातच उभ्या राहिल्या.

आता सांगा, यात ‘वाद’ कुठे होता? रंग कोणी टाकला यावर कोणाचं दुमत नव्हतं. मध्यस्थ दोघांच्या मध्ये बसतो आणि दोघांना सारखं धरतो. इथे एकाचं नुकसान झालं होतं आणि दुसऱ्याने ते केलं होतं. म्हणून मला वेगळा शब्द हवा आहे.

वकील, इंदूर जिल्हा न्यायालय

वेगळा शब्द हवाच, आणि आधी एका शब्दापासून सावध राहा. आपल्याकडे कोर्टात फौजदारी प्रकरण आपसात मिटलं की त्याला ‘राजीनामा’ म्हणतात. लोक अदालतीच्या सरकारी सूचनेतही ‘राजीनामा योग्य प्रकरण’ असंच छापलेलं असतं, म्हणजे कायद्याने मिटवता येण्याजोगं. हे गुन्हे कोणते, ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये दिलेलं आहे. 1 जुलै 2024 पूर्वी हेच जुन्या संहितेच्या कलम 320 मध्ये होतं. पण पुण्याहून इथे सून म्हणून आलेल्या मुलीला “तुमच्या केसमध्ये राजीनामा झाला” असं सांगा, ती विचारेल, नोकरी कोणी सोडली?

तुमच्या पत्रकात ‘मध्यस्थी’ आणि ‘लवाद’ यांचीही सरमिसळ होऊ देऊ नका. हिंदीत लवादाच्या कायद्याला ‘माध्यस्थम्’ म्हणतात आणि मीडिएशनला ‘मध्यस्थता’. दिसायला सख्खे भाऊ, कामाने अगदी निराळे. लवाद निवाडा देतो, तो बांधील असतो. मध्यस्थ निवाडा देतच नाही. मराठीत ‘लवाद’ हा स्वतंत्र, खणखणीत शब्द आहे, तो जपून वापरावा.

कायद्याचं म्हणाल तर मध्यस्थता अधिनियम 2023 मध्ये सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरणच आहे. परिसरातली शांतता बिघडवू शकेल असा तंटा, दोन्ही पक्षांची आधी संमती, आणि तीन मध्यस्थांचं पॅनेल. जो समझोता होईल तो लिहून, सह्या करून ठेवायचा; पण त्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी नाही. लोक अदालतीच्या निवाड्याचं तसं नाही, तो 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे हुकूमनामाच मानला जातो आणि त्यावर अपील नाही. हा फरक पत्रकात ठळक लिहा. हॉलमध्ये सही केली म्हणजे कोर्टाचा शिक्का बसला, असं वाटणारे बरेच भेटतात.

लष्कर, ग्वाल्हेर

वकीलसाहेबांनी राजीनाम्याचा विषय काढला म्हणून लिहितो. हा शब्द आपल्याकडे परका नाही, त्याचा मूळ अर्थ आपण विसरलो. राजी आणि नामा, म्हणजे ‘मी राजी आहे’ असं लिहून देणं. मराठेशाहीत वाद गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी आणि भाऊबंदांच्या सभेपुढे, किंवा पंचायतीपुढे आला की वादी-प्रतिवादी आधी राजीनामा लिहून देत: पंच जो निवाडा करतील तो आम्हाला मान्य. त्यासाठी जामीन घेतले जात. निवाडा झाल्यावर हरलेल्याकडून येजितखत लिहून घेत, म्हणजे माझी बाजू खोटी ठरली अशी लेखी कबुली. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याच्या आनंदाची रक्कम, भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. ‘गुन्हेगारी’ हे तेव्हा दंडाच्या रकमेचं नाव होतं!

तुमच्या दुसऱ्या शब्दाला जवळचं काही हवं असेल तर ‘गोतात घेणे’ पाहा. ज्याच्या हातून दोष घडला त्याने प्रायश्चित्त घ्यायचं, मग गोताने त्याच्या पंगतीला बसून जेवायचं, आणि तो पुन्हा आपल्यातला झाला. दोषी माणसाला परत माणसांत आणण्याची रीत आपल्याकडे होती, तिला नावही होतं.

स्नेहलतागंज, इंदूर

ग्वाल्हेरकर, माहिती मोलाची आहे, पण ‘गोत’ हा शब्द पत्रकावर नको. गोतात घेणारे तेच, गोताबाहेर टाकणारेही तेच. वाळीत टाकण्याच्या प्रकारांना आळा घालायला महाराष्ट्राला 2016 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. गोतसभेत बाईचं आणि गावकुसाबाहेरच्या माणसाचं बोलणं कितपत ऐकलं जायचं, हेही विसरू नये.

रिस्टोरेटिव्ह जस्टिस हा विचार आजच्या रूपात कुठून आला ते सांगते, म्हणजे शब्द शोधायला सोपं जाईल. 1974 मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, एल्मायरा नावाच्या लहान गावात, दोन तरुणांनी दारूच्या नशेत 22 ठिकाणी नासधूस केली होती. मार्क यांत्झी नावाच्या प्रोबेशन अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवलं की या मुलांनी ज्यांचं नुकसान केलं त्यांना समोरासमोर भेटावं. न्यायाधीशांनी ते मानलं. मुलं दारोदार गेली, आणि पुढे भरपाईही केली. तुमच्या रंगपंचमीच्या गोष्टीशी किती जुळतं बघा. न्यूझीलंडने 1989 मध्ये मुलांविषयीच्या कायद्यात कुटुंबाची बैठक आणली, तीही माओरी समाजाच्या रीतीवरून. मुलगा, त्याचं घर आणि ज्याचं नुकसान झालं तो, सगळे एकत्र बसून पुढचं ठरवतात.

या सगळ्यात पहिला प्रश्न ‘कोणता कायदा मोडला’ हा नसतो. ‘कोणाला काय लागलं आणि ते कोण भरून देणार’ हा असतो.

एक वाचक, देवास

‘मांडवली’ आणि ‘तोडपाणी’ हे दोन शब्द मात्र चुकूनही येऊ देऊ नका. ‘तडजोड’सुद्धा जपून वापरा. तडजोडीत दोघांनीही थोडं सोडायचं असतं, आणि इस्त्रीवाल्याने काय म्हणून सोडायचं?

कुटुंब समुपदेशक, वडोदरा

आमच्याकडे गुजरातीत कोर्टात ‘समाधान’ होतं. “समाधान थई गयुं” म्हणजे तडजोड झाली, कागदावर सह्या झाल्या. मराठी माणसाच्या कानाला समाधान म्हणजे मनाची तृप्ती. समुपदेशनाला आलेल्या मराठी बायका मला सांगतात, “समाधान झालं हो ताई,” आणि चेहरा सांगत असतो की कसलंही समाधान झालेलं नाही. म्हणून कागदावर काय लिहितो यापेक्षा कोणाला बोलावतो आणि कोणाला बोलावत नाही, याची मला जास्त काळजी वाटते.

आमच्या भागाला या कामाची जुनी ओळख आहे. तेव्हाच्या वडोदरा जिल्ह्यातल्या, आताच्या छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या रंगपूरला हरिवल्लभ परीख यांनी 1949 पासून आदिवासींमध्ये लोक अदालत चालवली. उघड्यावर, सगळ्यांसमोर, त्यांच्याच बोलीत. ते सगळं मला आदराचं आहे. तरी माझी विनंती आहे की पत्रकात एक ओळ ठसठशीत टाका: घरातली मारहाण आणि बाईवरचा लैंगिक अत्याचार इथे मिटवला जाणार नाही.

हे तुम्हा इंदूरकरांना विशेष सांगावंसं वाटतं, कारण तो निकाल तुमच्याच शहरातून वर गेला. जुलै 2020 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने एका आरोपीला जामीन देताना अट घातली होती की त्याने मिठाई घेऊन तक्रारदार बाईच्या घरी जावं, तिच्याकडून राखी बांधून घ्यावी आणि ओवाळणी म्हणून अकरा हजार रुपये द्यावेत. तिच्या घरात शिरून तिच्याशी गैरवर्तन केल्याचा आरोप असलेला माणूस, आणि तिच्याच हाताने त्याला राखी! मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली, आणि असल्या गुन्ह्यांत न्यायालयांनी तडजोड, मध्यस्थी किंवा लग्न सुचवू नये असं बजावलं. त्याआधी 2015 मध्ये मदनलाल प्रकरणात, तेही मध्य प्रदेशातलंच, त्याच न्यायालयाने म्हटलं होतं की बलात्काराच्या बाबतीत तडजोडीचा विचारही करता येत नाही.

वरवर पाहिलं तर त्या राखीतही नातं ‘पुन्हा जोडणं’ होतं. म्हणून मला ‘सलोखा’, ‘दिलजमाई’, ‘मनोमीलन’ हे गोड शब्द नको वाटतात. ज्याला लागलंय त्याच्यावरच ते गोड वागण्याचं ओझं टाकतात. “झालं गेलं गंगेला मिळालं” असं म्हणणारा सहसा ज्याचं काही गेलेलं नसतं तोच असतो.

राजेंद्रनगर, इंदूर

ताई, ती ओळ पत्रकात येणार, आणि पहिल्याच पानावर.

तुमच्या बोलण्यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. आपल्याकडे क्षमेच्या बाजूचे शब्द उदंड आहेत: अपराध पोटात घालणे, सोडून देणे, मोठ्या मनाने घेणे. सगळ्यांत कर्ता तो, ज्याचं नुकसान झालं. ज्याने केलं त्याच्या बाजूचा शब्द कोणता? ‘चूक कबूल करणे’ आहे. त्याहून मला ‘निस्तरणे’ जवळचं वाटतं. “केलंस ना, आता निस्तर!” हे आपण सगळेच लहानपणी ऐकत आलो आहोत. ज्याने केलं त्यानेच ते पुरतं मार्गी लावायचं, ही त्या शब्दाची मागणी आहे. शिक्षा भोगून झाली तरी निस्तरणं शिल्लक राहू शकतं. आणि आज होतं काय? चोरी एकाने करायची, आणि पोलीस ठाण्याच्या फेऱ्या, नवं कुलूप, रात्रीची झोपमोड, हे सगळं ज्याच्याकडे चोरी झाली त्याने निस्तरायचं. ते उलटवायचं आहे.

वकील, इंदूर जिल्हा न्यायालय

शब्द आवडला. पण क्रियापद आहे, मथळ्यावर कसा बसवणार? ‘निस्तरण-न्याय’ म्हणालात तर पुनर्स्थापनेइतकाच अवघडेल. शिवाय ‘निस्तरणे’ला वैतागाचा सूर आहे. दुसऱ्याने करून ठेवलेलंही आपण निस्तरतोच की.

आणखी एक. मुलाने दारात जाऊन कबूल केलं, आणि उद्या तीच कबुली त्याच्याविरुद्ध कोर्टात वापरली गेली तर? मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय राहतं, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. तुमच्या दुसऱ्या प्रकारच्या बैठकीला नुसती मध्यस्थीची गोपनीयता गृहीत धरू नका. प्रकरण पोलिसांत गेलेलं असेल तर आधी वकिलाला विचारावं, असं लिहा.

स्नेहलतागंज, इंदूर

मथळ्यावर नाम हवंच असा नियम कुठे आहे? पत्रक आजी-आजोबांसाठी आहे, राजपत्रासाठी नाही. वाक्य लिहा. लेखात किंवा अभ्यासात ‘पुनर्स्थापक न्याय’ चालू द्या, तो शब्द रुळेल तेव्हा रुळेल. ‘सुधारात्मक’ मात्र नको, तो गुन्हेगाराला सुधारण्याचा वेगळा विचार आहे, आणि त्यात ज्याचं नुकसान झालं तो माणूसच गायब होतो.

कुटुंब समुपदेशक, वडोदरा

वाक्यच बरं. आणि त्यात पहिलं नाव ज्याचं नुकसान झालं त्याचं येऊ द्या. तो ‘नको’ म्हणाला तर बैठक होणार नाही, हेही त्याच पानावर असू द्या.

राजेंद्रनगर, इंदूर

ठीक. पत्रकाचा मसुदा असा करतो आहे, काही खटकलं तर सांगा:

“शेजाऱ्यांत वाद आहे? दोघांची तयारी असेल तर मध्यस्थीला या. मध्यस्थ निकाल देत नाहीत, तोडगा तुम्हीच काढता. इथला समझोता कोर्टाच्या हुकुमासारखा बजावता येत नाही.

कोणामुळे तरी तुमचं नुकसान झालं आहे, आणि ते आपण केलं हे त्याला मान्य आहे? तुमची इच्छा असेल तरच त्याला समोर बसवू. काय गेलं ते तुम्ही सांगा. ते कसं निस्तरायचं ते त्याने सांगायचं, आणि तुम्हाला पटलं तरच ठरायचं. प्रकरण पोलिसांत असेल तर आधी वकिलाशी बोला.

घरातली मारहाण आणि लैंगिक अत्याचार इथे मिटवले जात नाहीत. त्यासाठी महिला पोलीस ठाणं आणि विधी सेवा प्राधिकरणाची मोफत कायदेशीर मदत आहे. तिथपर्यंत सोबत हवी असेल तर आम्ही येऊ.”

‘राजीनामा’ कुठेही घातलेला नाही. ग्वाल्हेरकर, येजितखत आणि हरकीवर वेगळा धागा काढा, वाट पाहतो.