भाऊबीज: डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या बहिणीला ओवाळणीत काय द्यावं?

नौपाडेकर:
माझी धाकटी बहीण नेरूळला राहते. दर रविवारी दुपारी तिच्याकडे पाच जण जमतात आणि रात्री नऊपर्यंत डीअँडडी चालतं. गोष्ट ती सांगते, राक्षस ती हलवते, बाकीचे आपापली पात्रं खेळतात. मी दोनदा तिथे बसलोय. नियम फारसे कळले नाहीत, पण एका मुलाचं पात्र मरायला टेकलं तेव्हा अख्खी खोली गप्प झाली होती, ते विसरलो नाही.

गेल्या भाऊबीजेला तिला वीस बाजूंचा मोठा लाल फासा ऑनलाइन मागवून दिला. "छान आहे रे दादा" म्हणाली. तो टीव्हीशेजारी तसाच आहे, खेळताना एकदाही तिच्या हातात दिसला नाही. यंदा खरंच उपयोगी पडेल असं काही द्यायचंय. अडीच हजारांपर्यंत. ड्रेस वगैरे नको, ते आई घेतेच. पुस्तक घ्यावं का?

खाडीकाठ:
मी चरईतली, सहा वर्षं डीएम (डंजन मास्टर, म्हणजे तुमच्या बहिणीसारखी गोष्ट सांगून खेळ चालवणारी) आहे, त्यामुळे तुमची बहीण रविवारी सकाळी काय करत असेल ते डोळ्यांसमोर येतं.

आधी तो लाल फासा हातात घ्या. २० च्या शेजारच्या बाजूवर १९ आहे का? असेल तर तो टाकायचा फासा नाही. मॅजिकसारख्या पत्त्यांच्या खेळात उरलेले पॉइंट मोजायला तो वापरतात. आकडे ओळीने असतात, एकेक बाजू उलटत खाली यायचं. टाकायच्या फाशावर २० ला लागून २, ८ आणि १४ असतात, म्हणजे मोठे आकडे एका बाजूला गोळा होत नाहीत. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. बहिणीने तुमचं मन राखलं.

पुस्तक घाईने घेऊ नका. पाचव्या आवृत्तीचं प्लेअर्स हँडबुक एक २०१४ चं आणि एक २०२४ चं. नाव तेच, नियम बरेच बदललेले. आमच्याकडे अजून २०१४ चंच चालतं. एकाला त्याच्या मामाने हौसेने नवं आणून दिलं, ते कपाटात पडून आहे आणि मामा दर वेळी विचारतात, मग त्याला कानकोंडं होतं. शिवाय मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट मिळतो. डीएमकडे पुस्तकं असतातच.

तिच्याकडे वेळ नसतो. मला मिळालेली सगळ्यात चांगली भेट नवऱ्याने गोखले रोडजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडून करून आणली होती: एक इंचाच्या चौकटींचे दोन ए-थ्री कागद, लॅमिनेट केलेले. खेळात एक चौकट म्हणजे पाच फूट. दोन्ही कागद लांब बाजूंनी शेजारी ठेवले की २२ बाय १६ चौकटी होतात, म्हणजे ११० बाय ८० फुटांचं मैदान. एवढ्यात वाडा, अंगण आणि मागची विहीर आरामात बसते. व्हाइटबोर्ड मार्करने भिंती काढायच्या, लढाई झाली की फडक्याने पुसायच्या. त्याआधी मी शनिवारी रात्री पट्टी घेऊन ड्रॉइंग पेपरवर रेघा मारत बसायचे. पुढच्या आठवड्यात तो पेपर रद्दीत.

करून घेताना दुकानात उभं राहा. प्रिंट शंभर टक्क्यांवरच काढायला सांगा. 'कागदात बसव' केलं की चौकट इंचापेक्षा लहान होते आणि मिनीचं, म्हणजे पात्राच्या छोट्या पुतळ्याचं, इंचभर बूड तिच्यात मावत नाही. पट्टी लावून बघा, दहा चौकटी म्हणजे बरोबर दहा इंच. लॅमिनेशन चकचकीतच घ्या. मॅटवर ट्यूबलाइट चमकत नाही हे खरं, पण शाई नीट पुसली जात नाही. कडा कागदाला लागून कापू देऊ नका, दोन मिलिमीटर प्लास्टिक सोडा, नाहीतर ओलं फडकं फिरवलं की आत पाणी शिरतं.

पैसे उरतील. त्यात सात फाशांचा एक चांगला सेट घ्या: चार, सहा, आठ, बारा, वीस बाजूंचा एकेक आणि दहा बाजूंचे दोन. त्या दोनांपैकी एकावर ००, १०, २० असे आकडे असतात, दोन्ही मिळून शंभरापर्यंतचा आकडा निघतो.

सानपाडा_लोकल:
धातूचे फासे घेऊ नका, किंवा घेतलेत तर ट्रेसकट द्या. मी मित्राला दिले होते, पहिल्याच दिवशी त्याच्या डायनिंग टेबलच्या काचेची कपची उडाली. त्याच्या आईला तोंड दाखवायला मला महिना लागला.

ट्रे विकत घ्यायची गरज नाही. दिवाळीत सुकामेव्याचे मखमल लावलेले खोके येतात ना, त्यातले कप्पे काढून टाका. कडा उंच, तळ मऊ, फासा सोफ्याखाली जात नाही आणि रात्री खालच्या मजल्यावर आवाजही नाही. आमच्याकडे तीन वर्षं तोच खोका आहे.

आणखी एक सांगतो. खेळाडूंना लोक त्यांच्या पात्राची चित्रं काढून देतात. डीएमचं स्वतःचं पात्र नसतं, म्हणून तिला कुणी देत नाही. त्या पाचही पात्रांचं एकत्र चित्र अप्लाइड आर्टच्या एखाद्या विद्यार्थ्याकडून काढून घेता येईल. पण त्याला तीन आठवडे तरी द्या, दिवाळीत घाई केली की चेहरे चुकतात. नाताळला किंवा तिच्या वाढदिवसाला द्या.

नौपाडेकर:
काल तिच्याकडे गेलो होतो. फासा बघितला. २० च्या शेजारी १९ आहे. वाईट वाटलं, पण निदान कळलं.

तिच्या ग्रुपमधल्या एकाला हळूच विचारलं, त्यांचंही २०१४ चंच चालतं. आणि गॅलरीतल्या रद्दीत पेन्सिलीने चौकटी मारलेले ड्रॉइंग पेपर सापडले, गुंडाळी करून रबर लावलेले, अकरा. एकावर कोपऱ्यात 'पूल इथे तुटतो' असं तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं. चौकटीच करून देतो. चित्रही ठरलं, नाताळला. पाचही पात्रांची वर्णनं तो मुलगा पाठवणार आहे.

मार्कर कुठला घेऊ? आणि दोन कागद एकमेकांना चिकटवून देऊ का?

खाडीकाठ:
चिकटवू नका, वेगळे राहिले की फाईलमध्ये जातात. मागून चिकटपट्टीचा एक तुकडा खेळताना पुरतो. मार्कर साधे व्हाइटबोर्डचे, काळा, निळा, हिरवा, बारीक टोकाचे मिळाले तर बघा. शाई रात्रभर राहून पुसली गेली नाही तर त्यावर त्याच मार्करने पुन्हा गिरवायचं आणि लगेच पुसायचं, निघते. हे तिला एका चिठ्ठीवर लिहून द्या.

धनत्रयोदशीच्या आत काम टाका. नंतर झेरॉक्सवाल्यांकडे शुभेच्छापत्रं आणि बिलबुकांची रांग असते, तुमच्या चौकटी कोण पट्टी लावून मोजणार!