नेपल्सचं संग्रहालय वगळू नका

इटलीत पॉम्पेई पाहून झाल्यावर नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय वगळलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून वगळू नका. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या गावाच्या भिंती आणि रस्ते जागेवरच आहेत, पण तिथली कितीतरी भित्तिचित्रं, मोझेइक आणि भांडीकुंडी नेपल्सला हलवलेली आहेत. घर तिकडे, संसार इकडे!

आम्ही दोघं गेलो ते मुख्यतः एका मूर्तीसाठी. जेमतेम वीतभर उंचीची, हस्तिदंताची, भारतात घडवलेली स्त्री. १९३८ मध्ये ती पॉम्पेईत एका घराच्या उत्खननात सापडली. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात, पण ती यक्षी असावी असं अनेक अभ्यासक मानतात, आणि मलाही तेच पटतं. अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना चिमुकल्या दासी. तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. बायकोचं माहेर जालन्याचं, आणि भोकरदन त्याच जिल्ह्यात. ती काचेसमोरून हलेचना. शेवटी डोळे पुसतच बाहेर आली.

संग्रहालय मंगळवारी बंद असतं, त्यामुळे तो दिवस पॉम्पेईसाठी ठेवा. नेपल्सहून लोकल ट्रेन थेट अवशेषांच्या दाराशी सोडते.