नवं काही घडवणारा इंजिनिअर तयार कुठे होतो: वर्कशॉपात की वर्गात?

कानसवाली:
भोसरीतल्या एका लहान जिग-फिक्श्चरच्या (मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, पक्का धरून ठेवणारी साधनं) कारखान्यात मी डिझाइन बघते. मुलाखतीला येणारी पोरं सॉफ्टवेअर झकास चालवतात. पण फिटिंग शॉपमधला जॉब स्वतः घासला होता का, असं विचारलं की गालात हसतात. जर्नल उतरवलेलं, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत आणलेला.

मध्यंतरी एका फिक्श्चरवर बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, अधूनमधून तिरका यायचा. ड्रॉइंग नव्या मुलाचं, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) सगळे बरोबर. मशीनवरचा आयटीआयवाला ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, जॉबच्या खाली चिप अडकते." जॉब टेकायला अख्खी सपाट पट्टी दिली होती, कूलंटबरोबर (मशीन थंड ठेवणारं पाणी) आलेल्या चिपला, म्हणजे धातूच्या किसाला, बाहेर पडायला वाटच नव्हती. पट्टी काढून छोटी बटणं बसवली, भोवती खाच दिली. रिजेक्शन थांबलं.

माझं म्हणणं: डिग्रीतलं एक अख्खं वर्ष शॉप फ्लोअरवर, मशीनपाशी उभं राहून गेलं पाहिजे. त्याशिवाय नवं काही सुचणार नाही. पटत नसेल तर बोला.

समीकरण:
असहमत. ताई, हे ट्रबलशूटिंग झालं. उत्तम झालं, पण यात नवं काय? टेकायला छोटी बटणं द्यावीत हे जिग-फिक्श्चरच्या साध्या पुस्तकातही असतं.

नारायणगावजवळ खोडदला जाऊन जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघा. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरीव पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी ताणून बसवली. ही दुर्बीण ज्या रेडिओ लहरी टिपते त्या साधारण २१ सेंटिमीटर आणि त्याहून लांब. जाळीची भोकं त्यामानाने बारीक ठेवली की लहरीच्या लेखी तो सलग आरसाच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च कमी. कितीही कानस घासा, हे सुचायचं नाही. लहरींचं गणित मुरलेलं लागतं.

खटपट्या:
कानसवाली +१. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तो कुठलं समीकरण मांडून? बेळगावात सायकलचं दुकान चालवणारा माणूस!

समीकरण:
सोयीची अर्धी गोष्ट सांगू नका. दुकानाआधी ते मुंबईला व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवत होते. मास्तर होते ते.

बांधावरून:
सांगली भागात माझं शेती अवजारांचं दुकान आहे. त्या नांगराचं पुढचं कुणीच बोलत नाही. नांगर तयार झाला, पण पहिला खपायला दोन वर्षं लागली. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. तिथे ड्रॉइंग काय कामाचं आणि हातोडा काय कामाचा?

आजही तेच. नवा फवारणी पंप घेऊन तुमचे इंजिनिअर येतात, नोझल तुंबलं तर खोलायला ॲलन की लागते म्हणतात. अहो, रानात पक्कड आणि एखादा पान्हा, बास. गिऱ्हाइकाच्या रानात चार दिवस काढायची तयारी हेही कौशल्यच आहे, आणि ते तुम्हा दोघांच्याही सिलॅबसमध्ये दिसत नाही.

सबमिशनग्रस्त:
थर्ड इयर मेकॅनिकल. आमचंही ऐका. स्वतः काही करायला घेतलं आणि व्हायवाच्या दिवशी चाललं नाही, तर मार्क कापतात. विकत आणलेलं चालतं. घरचे म्हणतात केटी लागू देऊ नकोस, विषय राहू देऊ नकोस. मग धाडस कोण करणार? तुम्ही सगळे वर्ग की वर्कशॉप यावर भांडताय, मार्कांचं काय ते कुणी बोलत नाही.

कानसवाली:
@समीकरण, पुस्तकात आहे, मान्य. गंमत म्हणजे त्या मुलाने ते वाचलंही होतं, विषयात मार्क उत्तम. चिप डोळ्यांनी पाहिली नव्हती म्हणून वाचलेलं आठवलं नाही. आणि गणित नको असं मी कुठे म्हटलं? पाबळचा विज्ञान आश्रम १९८३ मध्ये सुरू करणारे डॉ. कलबाग स्वतः पीएचडी. तिथली पोरं वेल्डिंग, बांधकाम करता करता शिकतात.

समीकरण:
पाबळबद्दल आदर आहे, पण तो प्रश्न वेगळा. चार वर्षांतलं एक काढून घेणार, तर गाळणार काय? थर्मो? कंट्रोल सिस्टिम? आणि मशीनपाशी वर्षभर फुकट राबवून घेतलं जाणार नाही याची हमी कोण देणार? "इंटर्न" म्हणून चहा आणायला लावलेली मुलं मी पाहिली आहेत.

कानसवाली:
जर्नल उतरवण्यात जातात ते तास गाळा, थर्मोला हात लावू नका. राबवून घेण्याचा मुद्दा खरा आहे, त्यावर माझ्याकडे कायदेशीर उत्तर नाही. @सबमिशनग्रस्त, सुट्टीत यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. स्टायपेंड मिळेल, पण पहिला महिना डिझाइनच्या केबिनमध्ये बसायचं नाही.